‘सायबोर्ग’ (१९८९): कमी खर्चातला प्रलयोत्तर मारधाडपट इतका का झोडपला गेला?

पांझराकाठ (धुळे):

नमस्कार मंडळी. आम्ही काही मित्र मिळून अर्ध्या तासाचा एक लघुपट करण्याच्या तयारीत आहोत आणि त्या निमित्ताने १९८९ सालचा ‘सायबोर्ग’ हा चित्रपट नुकताच पुन्हा पाहिला. अल्बर्ट पायुन दिग्दर्शक, जाँ-क्लोद व्हॅन डॅम नायक. महामारीने जग मोडून पडले आहे. रोगावरच्या उपायाची माहिती स्वतःच्या शरीरात साठवून घेतलेली एक अर्धयांत्रिक स्त्री न्यूयॉर्कहून अटलांटाकडे निघाली आहे. लुटारूंच्या टोळीचा म्होरक्या तिला ताब्यात घेतो, आणि नायक त्याच्या मागावर जातो, तो तिच्या सुटकेसाठी कमी आणि जुन्या सूडासाठी जास्त. कथा म्हणावी तर एवढीच. समीक्षकांनी या चित्रपटाला जवळजवळ एकमुखाने झोडपले होते: कथानक पातळ, अभिनय लाकडी, हाणामारी एकसुरी, असे ते आक्षेप होते.

आमचीही कथा जग संपल्यानंतरची आहे. मुडावदजवळ पांझरा तापीला मिळते तो भाग, तापीकाठच्या मातीच्या उंच घळी आणि जमल्यास एखादा बंद पडलेला कापसाचा जिनिंग कारखाना, एवढ्या जागांवर सगळे चित्रीकरण करावे असा विचार आहे, कारण सेट उभारण्याइतका पैसा आमच्याजवळ नाही आणि या जागा उन्हाळ्यात आपोआपच उजाड दिसतात. पटकथेत सध्या दोन टोळ्या, चार मोटारसायकली, एक औषधाची पेटी आणि शेवटी तलवारींची लढाई आहे.

माझा प्रश्न असा की ‘सायबोर्ग’ची जी वाईट संभावना झाली तिचे मूळ पैशाच्या अभावात होते, की दुसऱ्या कशात? पैशामुळेच असेल तर आम्ही हा विषय सोडून एखादी कौटुंबिक कथा घेतलेली बरी. शिवाय दुसरी एक भीती आहे. न्यूयॉर्क उद्ध्वस्त झाले असे पडद्यावर सांगितले की प्रेक्षक मान डोलावतो. शिरपूर आणि शिंदखेडा उद्ध्वस्त झाले असे सांगितले तर आपलेच लोक हसतील का?

भुसावळ-यार्ड:

पैशाचा मुद्दा आधी घेतो, कारण या चित्रपटाचा जन्मच हिशेबाच्या वहीत झाला आहे आणि तो हिशेब ठाऊक नसेल तर त्यावरची टीकाही अर्धीच कळते.

हा चित्रपट कॅनन या कंपनीचा. मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस या इस्रायली जोडीने १९७९ मध्ये ती ताब्यात घेतली आणि पुढची दहा वर्षे कमी खर्चात भराभर चित्रपट काढण्याचा सपाटा लावला. त्यांची रीत अशी होती की कान महोत्सवाच्या बाजारात आधी पोस्टर लावायचे, नटाचे नाव सांगायचे, देशोदेशीच्या वितरकांना हक्क विकायचे आणि त्या पैशातून चित्रपट उभा करायचा. ही उलाढाल जोवर वेगात फिरत होती तोवर ठीक चालले. पण मोठ्या चित्रपटांत हात घातल्यावर ओढाताण सुरू झाली. १९८७ च्या चौथ्या ‘सुपरमॅन’चा खर्च ऐनवेळी जवळपास निम्म्यावर आणला गेला आणि ती कपात पडद्यावर उघडी पडली. त्याच वर्षीचा ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ही चालला नाही. तरीसुद्धा त्याचा दुसरा भाग आणि सोबत एक ‘स्पायडरमॅन’ असे दोन चित्रपट पायुन यांच्याकडून करून घेण्याचे कंपनीने ठरवले, त्यासाठी नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन येथे सेट आणि पोशाख तयार होऊ लागले, सुमारे वीस लाख डॉलर खर्चीही पडले, आणि मग हक्कांचे पैसे देणेच कंपनीला जमले नाही. दोन्ही चित्रपट रद्द झाले. उरले ते सेट आणि पोशाख. ते वाया जाऊ नयेत म्हणून पायुन यांनी घाईने एक कथा रचली आणि पाच लाख डॉलरच्या आत, तीन-साडेतीन आठवड्यांत चित्रपट पुरा केला.

म्हणजे इथे पटकथेसाठी जग उभारलेले नाही. उभ्या असलेल्या सामानासाठी पटकथा शिवलेली आहे, आणि माझ्या मते समीक्षकांना जी पोकळी जाणवली तिचे निम्मे कारण या उलट्या क्रमात आहे. उरलेले निम्मे संकलनात. चाचणी खेळांत प्रेक्षकांची पसंती मिळाली नाही तेव्हा चित्रपट दिग्दर्शकाच्या हातून काढून घेऊन पुन्हा संकलित केला गेला, त्यात व्हॅन डॅम यांचाही हात होता, आणि शिवाय अमेरिकेतल्या प्रमाणपत्रासाठी हिंसेची बरीच दृश्ये कापावी लागली. पायुन यांनी अनेक वर्षांनंतर स्वतःची आवृत्ती ‘स्लिंगर’ या नावाने बाहेर काढली. तिचे संगीत आणि काही ठिकाणी कथेचा कलही निराळा आहे.

मात्र ‘वाईट संभावना’ हे शब्द जरा जपून वापरावेत असे मला वाटते, कारण संभावना वाईट झाली ती वर्तमानपत्रांत. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत या चित्रपटाने साधारण एक कोटी डॉलरचा गल्ला केला, म्हणजे खर्चाच्या वीसपट. पुढे १९९३ मध्ये दुसरा भाग आला, ज्यात अँजेलिना जोली पहिल्यांदाच मुख्य भूमिकेत दिसली, आणि लगेच तिसराही आला. व्हिडिओ कॅसेटच्या बाजारात या जातीचे चित्रपट जगभर फिरले, त्याचे कारण साधे होते: संवाद इतके थोडे की भाषांतराचा खर्च नाही, आणि हाणामारी समजायला भाषा लागत नाही. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या रेल्वे वसाहतीत केबलवाला रात्री उशिरा कॅसेट लावत असे, तेव्हा असले चित्रपट आम्ही एकाही संवादाचा अर्थ न लावता पाहिलेले आहेत आणि आम्हांला काही चुकल्यासारखे वाटले नव्हते.

निर्दय प्रेक्षक (जळगाव):

भुसावळ-यार्ड यांनी दिलेली माहिती मोलाची आहे, पण तिच्यातून निघणारी सहानुभूती मला मान्य नाही. चित्रपट कोणत्या अडचणीत निघाला हे प्रेक्षकाने का विचारात घ्यावे? तिकीट काढणाऱ्याला निर्मात्याची खातेवही दाखवत नाहीत. आणि वीसपट गल्ला हा उत्तम विक्रीचा पुरावा झाला. चित्रपट बरा असल्याचा तो पुरावा नव्हे.

पडद्यावर जे दिसते त्यावरच बोलायचे तर मुख्य दोष असा आहे की या कथेत महामारी आहे आणि आजारी माणसे जवळजवळ नाहीत. सारे जग ज्या औषधाची वाट पाहत आहे असे आपल्याला सांगितले जाते, त्या औषधासाठी तळमळणारा एकही चेहरा चित्रपट मनात ठसवत नाही. नायकाला औषधाशी देणेघेणे नाही. खलनायक तर आरंभीच्या निवेदनातच सांगून टाकतो की त्याला हे मोडके जग, ही उपासमार, हे मरण आवडते आणि ते बदलायला नको आहे. म्हणजे संपूर्ण चित्रपटात जगाविषयी ठाम मत असलेला माणूस हा एकटाच. त्यामुळे तो पडद्यावर आला की चित्रपट जागा होतो आणि नायक आला की झोपतो. नायकाच्या वाट्याला पूर्वस्मृतींचे तुकडे आहेत, पण ते एकच दुःख पुन्हापुन्हा सांगतात. त्यात पात्रांची नावे गिटारच्या कंपन्यांवरून ठेवलेली, गिब्सन रिकनबॅकर, फेंडर ट्रेमोलो वगैरे. आपल्या जगाला खुद्द लेखकच गंभीरपणे घेत नाही ही सूचना प्रेक्षकाला त्या नावांतूनच मिळते.

एक दृश्य मात्र अपवाद आहे. नायकाला जहाजाच्या उंच डोलकाठीवर क्रुसासारखे टांगून टोळी निघून जाते, आणि तो टाचेने मागच्या लाकडावर लाथा मारत मारत अखेर डोलकाठीच मोडून खाली येतो. या प्रसंगाला पैसा लागलेला नाही. एक शरीर, एक लाकूड आणि जाणारा वेळ एवढेच त्यात आहे, संवाद नाही, आणि तरीही पाहणारा खुर्चीत पुढे सरकतो, कारण त्या माणसाला त्या क्षणी काय हवे आहे ते लख्ख कळते. हे एका प्रसंगात जमले असेल तर बाकी ठिकाणी न जमण्याचा दोष पाच लाख डॉलरच्या माथी मारता येत नाही.

तुलनेसाठी ‘मॅड मॅक्स’ घ्या. १९७९ चा, ऑस्ट्रेलियातला, खर्च साडेतीन ते चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात. दिग्दर्शक जॉर्ज मिलर पेशाने डॉक्टर होते, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात अपघाताचे जखमी पाहिलेले, आणि पैसा इतका कमी की एका धडकेसाठी त्यांनी स्वतःची गाडी चेचून घेतली. अमेरिकेत तो दाखवताना ऑस्ट्रेलियन उच्चार लोकांना कळणार नाहीत म्हणून सगळे आवाज अमेरिकी माणसांकडून पुन्हा भरले गेले, आणि तसाही तो चालला. खर्चाच्या मानाने सर्वाधिक नफ्याचा विक्रम पुढची वीस वर्षे त्याच्या नावावर राहिला. त्या चित्रपटाच्या सहलेखकाने १९७३ च्या तेलटंचाईत पंपांवरच्या रांगा पाहिल्या होत्या आणि पेट्रोलसाठी सभ्य माणसे एकमेकांच्या अंगावर कशी जातात हे टिपून ठेवले होते. चित्रपटाचा सारा जोर त्या पाहण्यातून आलेला आहे.

आता पांझराकाठ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. तुमच्या पटकथेतली औषधाची पेटी ही ‘सायबोर्ग’मधलीच आहे, फक्त शरीरातून काढून पेटीत ठेवलेली. तलवारीही तुमच्या नाहीत. तापीच्या घळी कितीही सुंदर असल्या तरी त्या तुम्हांला वाचवणार नाहीत. इटलीतल्या निर्मात्यांनी ऐंशीच्या दशकात रोमजवळच्या खाणींत असले कितीतरी चित्रपट काढले, मोटारींना पत्रे ठोकून आणि माणसांना चामडे नेसवून. खाणी उत्तम दिसतात, चित्रपट लक्षात राहत नाहीत.

पाटकरी (चोपडा):

मी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य काढलेला माणूस आहे आणि चित्रपटातले मला फारसे कळत नाही, पण असले चित्रपट नातवंडांबरोबर पाहताना एक गोष्ट नेहमी खटकते ती सांगतो. जग बुडून कित्येक वर्षे झालेली असतात आणि मोटारी मात्र भरधाव धावत असतात. साठवलेले पेट्रोल काही महिन्यांत खराब होऊ लागते, वर्षभरात भरवशाचे राहत नाही. डिझेल थोडे जास्त टिकते, पण त्यातही पाणी आणि शेवाळासारखी घाण धरते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, त्यात टाकीतले पेट्रोल उडून जायला वेळ लागत नाही आणि टायरही तडकतात. तुमच्या चार मोटारसायकली कथेत कशाच्या जोरावर चालतात याचे उत्तर तुमच्याजवळ असले पाहिजे. नसेल तर एकच ठेवा आणि ती ढकलत न्यावी लागते असे दाखवा. ते जास्त खरे वाटेल.

खान्देशात सगळी यंत्रणा थांबली तर पुढे काय होईल, याचा क्रम कामाच्या सवयीने माझ्या डोळ्यांसमोर येतो. भुसावळजवळच्या दीपनगरचे वीजकेंद्र कोळशाच्या वाघिणी थांबल्या की बंद. वीज गेली की रावेर-यावलच्या केळीचा शेवट जवळ आला, कारण केळीला जवळपास रोज पाणी लागते आणि वैशाखातल्या झळांपुढे पाण्याविना बाग एक उन्हाळाही काढत नाही. केळीला बी नसते. माणसाने मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी रोपे, काढून लावले तर पुढची लागवड, नाहीतर ओढ्याकाठी जेवढी ओल असेल तेवढीच झुडपे तगतील. बागा गेल्यावर शेतांत राहतील त्या ठिबकच्या काळ्या नळ्या, मैलोगणती, कारण ते प्लास्टिक वर्षानुवर्षे कुजत नाही. त्या नळ्यांचे लोक दोर वळतील, कुंपणे बांधतील, खाटा विणतील. तुमच्या टोळीच्या अंगावर चामड्याचे पट्टे घालण्याऐवजी या नळ्या घाला. जळगाव जिल्ह्यातल्या कोणत्याही प्रेक्षकाला ही माणसे कुठून आली ते न सांगता कळेल, आणि पोशाखाचा खर्चही वाचेल.

पावसाळा आला की गोष्ट उलटी. तापीवरच्या हतनूर धरणाला एक्केचाळीस दरवाजे आहेत. तापी आणि पूर्णा चांगदेवला एकत्र होऊन पाणी तिथे येते आणि पुराच्या वेळी ते दरवाजे वेळेवर उचलावे लागतात. विजेवाचून ते हाताने फिरवून उचलता येतात, पण त्याला माणसे लागतात, आणि वेळ लागतो. कोणीच नसेल तर पाणी चढत जाईल, आणि मातीच्या बांधावरून एकदा पाणी वाहू लागले की तो बांध टिकत नाही. म्हणजे प्रलयानंतरच्या खान्देशात चार महिने तहान आणि नंतर एका रात्रीत महापूर, असे दोन्ही असेल. जे सगळे चित्रपट मी पाहिले त्यांत प्रलयानंतर कायम वाळवंटच असते, पाऊस पडतच नाही. आपल्याकडे तसे होणार नाही.

मग टिकेल काय? टिकेल ती फड पद्धत. पांझराकाठ हे नाव तुम्ही घेतले आहे म्हणून हे तुम्हांला ठाऊक असेलच, पण इतरांसाठी लिहितो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून दगडी बंधारे आहेत, त्यांतून पाट काढलेले आहेत, आणि त्याखालची जमीन फडांत वाटलेली असते. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, कोणत्या वर्षी कोणत्या फडाला पाणी आणि कोणता फड कोरडा ठेवायचा हे गावाने ठरवायचे, आणि पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याने करायचे. शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावायचा नाही. यात वीज नाही, पंप नाही, डिझेल नाही. पाणी उतारानेच जाते. जग बुडाल्यावर बंधाऱ्याचा पाट ज्याच्या ताब्यात तो राजा, आणि पाटकरी हा सर्वांत सामर्थ्यवान किंवा सर्वांत आधी मारला जाणारा माणूस. तुम्हांला औषधाची पेटी कशाला हवी?

धान्याचेही तसेच. कपाशीचे आजचे संकरित बी घरी राखून पेरले तर पुढच्या पिढीत ते सारखे उतरत नाही, त्यामुळे दुकान बंद म्हणजे दोन-तीन हंगामांत कपाशीचे पीक बिघडले. पण दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, राहील. तापीखोऱ्याच्या खोल काळ्या जमिनीत पावसाळ्याच्या ओलीवर ती रब्बीत येते, तिला पाटाचीही गरज नाही. दादर पिकली की ती लपवावी लागणार, आणि लपवायला पूर्वीसारखी पेवे लागणार. ज्यांनी पेव पाहिलेले नाही त्यांना सांगतो की जमिनीत खोल खड्डा घेऊन, आतून लिंपून, धान्य भरून तोंड बंद करत असत. असे पेव उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूस गुदमरून मरू शकतो, कारण बंद धान्यातून निघालेला वायू तळाशी साचलेला असतो; म्हणून जुनी माणसे तोंड उघडून ठेवत, आत जळता कंदील सोडून पाहत, तो विझला तर उतरत नसत. लुटारूंना पेव सापडले आहे, उपाशी माणसे तोंडाशी जमली आहेत, त्यांच्यातल्या कोणालाच हे ज्ञान नाही आणि पाहणाऱ्या कैद्याला ते आहे. यात तलवार कुठेही लागत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी होतो. खडी फोडायच्या कामांवर मोठमोठे बागायतदार अंगावरच्या पांढऱ्या कपड्यांनिशी येत आणि अमेरिकेतून आलेला लाल मायलो ज्वारी घेऊन घरी जात. टोळ्या झाल्या नाहीत, मुंडकी उडाली नाहीत. लोक रांगेत बसत, आणि रांगेत मागच्याला पुढे येऊ देत नसत. तुमच्या मारधाडीला माझा विरोध नाही, पण हाणामारी कुठून सुरू होते ते त्या रांगेत बसून पाहिल्यासारखे लिहा.

पांझराकाठ:

पाटकरी काका, आपण जे लिहिले आहे त्यावर आमच्या गटात दोन दिवस चर्चा चालू आहे आणि औषधाची पेटी सर्वानुमते बाद झाली आहे. मोटारसायकलींवरून अजून भांडण आहे, कारण आमच्यापैकी दोघांना केवळ त्या चालवण्यासाठीच चित्रपटात यायचे आहे.

निर्दय प्रेक्षक यांना एक विचारतो. संवाद कमी ठेवले तर ‘सायबोर्ग’सारखे मुके वाटेल, आणि संवाद वाढवले तर आमच्या हौशी नटांचे कच्चेपण उघडे पडेल, अशी अडचण आहे. संवाद अहिराणीत ठेवल्यास नट मोकळे होतात हे आम्ही वाचन करून पाहिले. परंतु अहिराणी ऐकली की बाहेरचा प्रेक्षक विनोदाची अपेक्षा धरून बसतो, कारण मोबाइलवर त्याने आजवर खान्देशी म्हणून विनोदच पाहिलेला आहे. हसू येण्याची माझी पहिली भीती इथे पुन्हा उभी राहते.

मोसमकाठ (मालेगाव):

हसण्याच्या भीतीवर मी बोलू शकतो, कारण आमच्या गावाचे चित्रपट हसण्यावरच उभे राहिले आहेत. शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला तेव्हा डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले, कॅमेरा सायकलवर बांधून फिरवला गेला, आणि बैलगाडीचा क्रेनसारखा उपयोग झाला. गावाने तो डोक्यावर घेतला. पुढे ‘सुपरमॅन’ची मालेगावी आवृत्ती होत असताना फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला, आणि या मंडळींवर बेतलेला रीमा कागती यांचा हिंदी चित्रपटही २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. आमच्याकडच्या छोटू दादाचे व्हिडिओ तर कोट्यवधी वेळा पाहिले जातात.

पण यातून जो धडा सहसा काढला जातो तो अपुरा आहे असे माझे मत आहे. गरिबी कबूल केली की प्रेक्षक माफ करतो, असे लोक म्हणतात. मालेगावच्या प्रेक्षकाने माफ केले नव्हते. त्याला माफ करण्यासारखे काही वाटलेच नव्हते. यंत्रमागावर आठवडाभर राबून शुक्रवारी चित्रपट पाहणारा तो कामगार, त्याला पडद्यावर आपलाच शेजारी, आपलीच गल्ली आणि आपल्याच बोलण्याचा हेल भेटला. सायकलीवरचा डाकू हास्यास्पद होता खरा, पण त्याच वेळी सायकल हेच त्या माणसाचे खरे वाहन होते. ‘सायबोर्ग’मधल्या लुटारूंच्या अंगावर जे काही आहे ते दुसऱ्याच चित्रपटासाठी शिवलेले होते, आणि पाहणाऱ्याला त्यामागचा इतिहास ठाऊक नसला तरी कपडे माणसाचे नाहीत हे दिसते. तुमची भीती अहिराणीची नसावी. धुळ्यात उन्हाळ्यात नळाला किती दिवसांनी पाणी येते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासमोर हंड्यांची रांग आणि अहिराणीतली बाचाबाची ठेवा. पहिल्या मिनिटाला कोणी हसेल, दुसऱ्या मिनिटाला हसणे थांबते की नाही ते पाहा. थांबले नाही तर मात्र दृश्यात खोट आहे, बोलीत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणी लिहिली नाही. ‘सायबोर्ग’च्या चित्रीकरणात लुटुपुटूच्या चाकूने एका सहकलाकाराचा डोळा गेला. त्याने व्हॅन डॅम यांच्यावर खटला भरला आणि तो जिंकला. कमी खर्चाच्या चित्रपटात सर्वांत आधी कात्री लागते ती सुरक्षिततेला, कारण ती पडद्यावर दिसत नाही. तुमच्या मित्रांना मोटारसायकली चालवायच्याच असतील तर घळींच्या कडेवरून चालवू देऊ नका. ती माती आतून पोखरलेली असते आणि काठ कधी ढासळेल याचा नेम नसतो.

निर्दय प्रेक्षक:

मोसमकाठ यांच्या म्हणण्यात एक भर. मालेगावचा प्रेक्षक मूळ चित्रपट पाठ करून बसलेला होता, म्हणून त्याला सायकलीतली गंमत कळली. पांझराकाठ यांच्या लघुपटाला असा आधार नाही. तो विडंबन नाही, त्यामुळे त्याला सर्व काही स्वतःच्या बळावर पटवून द्यावे लागेल, आणि हे काम कितीतरी अवघड आहे. संवादांबद्दल विचारलेत. डोलकाठीचे दृश्य मुके असूनही चालते आणि बाकीचा चित्रपट मुका असल्यामुळे पडतो, म्हणजे शब्दांची संख्या हा प्रश्नच नव्हे. ज्या दृश्यात माणसाला काय हवे ते दिसते तिथे बोलू नका. दिसत नसेल तर संवाद लिहिण्याआधी दृश्य बदला. पेवाचा प्रसंग घेणार असाल तर त्याची पाने इथे टाका; वाचून जे वाटेल ते लिहीन, आणि सौम्य लिहिणार नाही.

भुसावळ-यार्ड यांनाही एक प्रश्न आहे. ‘स्लिंगर’ ही आवृत्ती आपण पाहिली आहे असे दिसते. ती खरोखर बरी आहे का, की दिग्दर्शकाला आपले मूल गोंडस वाटते तसा प्रकार आहे?

भुसावळ-यार्ड:

गडद आहे, अधिक एकसंध आहे, आणि चित्रप्रत कच्ची असल्याने पाहायला कष्ट पडतात. नायक तिच्यात थोडा अधिक वेडसर वाटतो, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष जाते. आपला महामारीचा आक्षेप मात्र तिलाही लागू आहे. आजारी माणसे तिथेही नाहीत.

पाटकरी:

दोन व्यावहारिक सूचना. पहिली, धरणाच्या भिंतीवर किंवा दरवाज्यांजवळ परवानगीवाचून कॅमेरा नेऊ नका. अडवतील, आणि अडवलेच पाहिजे. बंधाऱ्याचे दृश्य हवे असेल तर पांझरेवरचा एखादा जुना फड बंधारा घ्या आणि तिथल्या पाणीवापर करणाऱ्या शेतकऱ्यांना आधी विचारा. चित्रीकरण फेब्रुवारीच्या अखेरीस ठेवलेत तर कपाशी संपून शेतांत नुसत्या पऱ्हाट्या उभ्या असतात, सगळे रान जळाल्यासारखे दिसते आणि माणसांना ऊनही सोसते. मे महिन्याचा हट्ट धरू नका.

दुसरी पेवाबद्दल. जुने पेव कुठे सापडले तरी त्यात कोणालाही उतरवू नका, कंदील सोडून पाहिला असला तरी नाही. दृश्यासाठी वेगळा खड्डा घ्या, कमरेइतकाच, वरून रुंद आणि उघडा. खोली कॅमेऱ्याने दाखवता येते असे तुम्हीच लोक म्हणता.